जोनाथन एडवर्ड्सची १८.२९ मीटरची तिहेरी उडी: त्यातलं काय शिकवावं?

वाळूचा_खड्डा:
ब्रिटनच्या एडवर्ड्सने ७ ऑगस्ट १९९५ ला गोथेनबर्गमध्ये केलेला विश्वविक्रम अजून कुणी मोडलेला नाही. ख्रिश्चन टेलर २०१५ मध्ये १८.२१ पर्यंत आला, जॉर्डन डियाझ २०२४ मध्ये १८.१८ पर्यंत. एडवर्ड्स तर अंगाने सडपातळ. मग त्याच्या उडीत नेमकं काय होतं? १४ मीटरला अडकलेल्या मुलाला त्यातलं काय द्यावं?

टेप_आणि_फळी:
आधी टप्पे बघा. लंगडी (उडालेल्याच पायावर उतरणं) ६.०५, ढांग (दुसऱ्या पायावर उतरणं) ५.२२, शेवटची उडी (वाळूत) ७.०२. म्हणजे ३३, २८.५ आणि ३८.५ टक्क्यांच्या आसपास. दोनदा जमिनीवर आपटूनही सात मीटर! फळीवरून, म्हणजे जिथून उडी सुरू होते तिथून, तो वर न जाता पुढे गेला, लंगडी सपाट ठेवली, म्हणून वेग शेवटपर्यंत टिकला. लंगडी उंच गेली की उतरताना गुडघा दबतो, ढांग आखडते आणि शेवटच्या उडीला काही उरत नाही. १४ मीटरवाल्या बहुतेक मुलांचं दुखणं हेच.

मात्र एडवर्ड्सचं प्रमाण जसंच्या तसं देऊ नका. १४ मीटरला ते ४.६३, ४.०० आणि ५.३७ होतं, तेवढा वेग नसेल तर ५.३७ निघत नाही. सुरुवातीला ४.९०, ४.२०, ४.९० धरा. कान देऊन ऐका: टप, टप, टप सारख्या अंतराने यायला हवं. लांब–आखूड–लांब ऐकू आलं तर चूक लंगडीत आहे, ढांगेत शोधू नका.

तिसरी_फेरी:
एडवर्ड्स एका रात्रीत घडला नाही, हेही मुलांना सांगा. रविवारी खेळायचं नाही या श्रद्धेपायी १९९१ चं टोकियो जागतिक अजिंक्यपद त्याने सोडलं. १९९३ ला स्टुटगार्टमध्ये कांस्य, १९९४ आजारपणात गेलं. मग जून १९९५ मध्ये लीलला १८.४३, पण पाठीमागून वारा २.४ होता; मर्यादा सेकंदाला २.० मीटर, म्हणून विक्रम धरला गेला नाही. जुलैत सलामांकाला १७.९८ करून विली बँक्सचा १७.९७ चा विश्वविक्रम मोडला. गोथेनबर्गला पहिल्याच प्रयत्नात १८.१६, लगेच दुसऱ्यात १८.२९. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये १७.८८ करूनही रौप्यच, कारण केनी हॅरिसन १८.०९ गेला. ऑलिम्पिक सुवर्ण सिडनीत २००० साली, वयाच्या ३४ व्या वर्षी.

आणि त्याचे दोन्ही हात एकत्र फिरवणं नवशिक्याला लगेच शिकवू नका. हात मागे नेण्याच्या नादात फळीआधीची शेवटची दोन पावलं मंदावतात. लंगडीला धावण्यासारखे आलटून-पालटून हात, दोन्ही हात ढांगेपासून.

वाळूचा_खड्डा:
टप्प्यांची ही अंतरं दाखवायला गवतावर खुणा ठेवल्या की मुलं खुणेकडेच बघतात, मान खाली जाते.

टेप_आणि_फळी:
मग खुणा पायाच्या रेषेत नको, बाजूला अर्ध्या मीटरवर ठेवा. नजर खड्ड्यापलीकडे. धाव ८ पावलांची पुरे. पाय पुढे ताणून टाच आपटली की ब्रेक लागतो आणि टाचही दुखावते. तळवा सपाट, जमीन मागे ओढल्यासारखा पडू दे. पूर्ण धावेच्या उड्या एका सरावात ६ ते ८, त्याहून जास्त नाहीत. वरच्या पातळीवर ढांगेच्या वेळी पायावर वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो. वाढत्या वयात तिथे घाई केली की गुडघा आणि नडगी पहिली बोलतात. नडगी दुखू लागली तर उड्या बंद.