परकीय भाषा शिकताना ॲपवर किती विसंबायचं?

शब्दवेल्हाळ:
खेळासारखी ॲप्स भाषा ओळखायला शिकवतात, वापरायला नाही, असं माझं ठाम मत आहे. जर्मनमध्ये कुत्रा म्हणजे 'डेअर हुंड'. पण 'मला कुत्रा दिसतो' म्हणताना तो कर्म होतो आणि 'डेअर'चं 'डेन' होतं. ॲपमध्ये शब्दांचे ठोकळे समोर मांडलेले असतात, त्यात 'डेन' आयताच मिळतो. तो उचलून जागेवर ठेवला की हिरवी खूण! डेअर की डेन, हे आपण ठरवलेलंच नसतं, म्हणून बोलताना नेमकं तिथेच अडतं. नवख्याने आधी व्याकरणाचं एक नीट पुस्तक घ्यावं, जमल्यास शिक्षक गाठावा. ॲप तोंडी लावण्यापुरतं.

रोजचा_सराव:
अजिबात पटलं नाही. तिसऱ्या धड्यावर पुस्तक मिटून ठेवणारे काय कमी आहेत? ॲप रोज थोडा वेळ तरी बसवतं. आणि खरी अडचण विसरण्याची आहे. पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडलं. २००६ पासून असलेलं 'अंकी' हे प्रश्न-उत्तराच्या कार्डांचं ॲप त्यावरच उपाय करतं: जमलेलं कार्ड लांबच्या तारखेला, चुकलेलं लगेच पुन्हा. पुस्तक हे कसं करणार? शिक्षक सगळ्यांना परवडतो हे तरी कशावरून?

शब्दवेल्हाळ:
अंकीला माझा विरोध नाहीच. तिथे ठोकळे नसतात, उत्तर आधी स्वतः आठवावं लागतं. फक्त दुसऱ्याने केलेला हजारो शब्दांचा संच उतरवून घेऊ नका. स्वतः वाचलेल्या वाक्यांची कार्डं करा, ती टिकतात.

कानसेन:
ऐकण्याचं नावच नाही इथे! जर्मन प्रसारणसंस्था डॉइचे वेलेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स मोफत आहे, ए१ (अगदी सुरुवात) ते बी१ (मध्यम) पातळीपर्यंत. जपानीसाठी तिथल्या प्रसारणसंस्थेचे, एनएचके वर्ल्डचे, धडेही फुकट आहेत. आधी कान तयार करा, डेअर-डेन मागाहून बघू.

शब्दवेल्हाळ:
मागाहून म्हणता म्हणता चुकीचं तोंडात बसतं, मग ते सुटता सुटत नाही. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ परीक्षा बघा: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात ६० टक्के हवेत. ठोकळे लावून लेखन आणि संभाषण कसं निघणार? साधन निवडताना एवढंच विचारा: हे मला कोऱ्या कागदावर एक तरी वाक्य लिहायला लावतं का?

रोजचा_सराव:
परीक्षा देणाऱ्यांसाठी मान्य. पण ज्याला फक्त त्या भाषेतल्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत, त्याने संभाषणाच्या शिक्षकावर पैसे का घालवावेत? त्याला हजारो शब्द लागतील, आणि ते अंकी आणि भरपूर वाचनानेच येतील. आधी कशासाठी शिकायचंय ते सांगा, मग पुस्तक की ॲप ते बोलू.