मोटारी यायच्या आधीचा डांबरी रस्ता

मोटारगाड्या आल्या म्हणून डांबरी रस्ते आले असं म्हणतात ते तितकंसं बरोबर नाही, पॅरिसमध्ये १८५४ सालीच अ‍ॅस्फाल्टचा रस्ता झाला होता आणि तेव्हा सगळी घोडागाड्यांचीच वर्दळ. शिवाय ते आपलं डांबर नव्हतंच, नैसर्गिक बिट्युमेन, म्हणजे काळं चिकट द्रव्य, मुरलेला चुनखडीचा दगड होता. स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-ट्रॅव्हर्समधून असा दगड गाड्यांतून न्यायचे, वाटेत सांडलेले तुकडे चाकांखाली दबून आपोआप गुळगुळीत वाट झालेली दिसली आणि तिथून ही कल्पना सुचली, मला तर ही गोष्ट फारच आवडते! मग दगडाची पूड गरम करून पसरायची आणि तापलेल्या लोखंडी धुम्मसांनी ठोकायची.

डांबर म्हणजे खरं तर कोळशापासूनचं कोलटार, आज रस्त्यावर पडतं ते खनिज तेलातलं बिट्युमेन, नाव मात्र आपण जुनंच चालवतो. लहानपणी इंदूरला रामबागेत आमच्या घरासमोर रस्ता होत होता, पिंपाखाली लाकडं पेटवलेली, पायाला गोणपाट गुंडाळलेले मजूर झारीने ते काळं ओतायचे आणि मे महिन्यात त्यात माझी स्लीपर रुतून पट्टाच तुटला होता. आई त्यालाही डांबरच म्हणायची.