व्हिजिटिंग कार्ड कोण ठेवतं? आम्ही ठेवतो!

एकानं रोजच्या आवडत्या वस्तूंची यादी लिहिली, तीत विको वज्रदंती पाहून बरं वाटलं. पण त्यातलं "आता व्हिजिटिंग कार्ड कोण ठेवतं, नंबर सेव्ह केला की झालं" हे काही पटलं नाही भाऊ. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात या, घरोघरी दाखवतो.

सोयाबीन काढणीला आलं की थ्रेशरवाला, मोटर जळली की वाइंडिंगवाला, लग्न जमलं की मंडप-डेकोरेशनवाला. सगळ्यांची कार्डं मीटरच्या पेटीमागे खोचलेली. वर गजानन महाराज, खाली 'प्रो. प्रा.' म्हणून मालकाचं नाव, दोन नंबर, त्यातला एक पेनानं खोडून बाजूला नवा लिहिलेला. मी शेतात असलो आणि घरच्या बोअरची मोटर बंद पडली, तर आईला फोनमधलं नाव सापडत नाही. पण कार्डावरचं मोटारीचं चित्र ती बरोबर ओळखते. क्यूआर कोड छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फोन पाण्यात पडला की नंबर गेले, हे वेगळंच.

वस्तूंच्या यादीत माझी एक भर: डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी. शेताला रात्रीची लाइन (वीज) असली की ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, दोन्ही हात मोकळे राहतात, धुऱ्यावर (बांधावर) साप-विंचूही दिसतो.

आणि कार्ड छापणारच असाल तर मागची बाजू कोरी ठेवा, चकचकीत नको. चकचकीत कागदावर बॉलपेन उमटत नाही अन् डिझेल-मजुरीचा हिशोब मांडायला आम्हाला मागचीच बाजू लागते.