ब्रेकअवे खांब: तुटका, मोडता की निखळता?

अनुस्वार
रस्त्याकडेचे खांब आणि कठडे यांच्या क्रॅश टेस्टवरचा मजकूर मराठीत आणतोय. ‘ब्रेकअवे पोल’ म्हणजे गाडी धडकली की आतला माणूस वाचावा म्हणून मुद्दाम हार खाणारा खांब. आधीच्या भाषांतरात त्याचा ‘तुटका खांब’ झालाय. वाचलं की भंगारातला खांब डोळ्यांपुढे येतो. ‘क्रॅश टेस्ट’ला तर एका पानावर टक्कर चाचणी, दुसऱ्यावर आघात, तिसऱ्यावर धडक. सुचवा.

कानामात्रा
टक्कर दोघांत होते: दोन एडके, दोन पैलवान, समोरासमोरच्या दोन गाड्या. खांब जागचा हलत नाही, त्याला धडकच बसते. म्हणून धडक चाचणी. ‘आघात’ ऐकलं की मला आधी पक्षाघात आठवतो.
‘तुटका’ मात्र सपशेल चूक. तुटका, फाटका, मोडका ही सगळी होऊन गेलेली कर्मं. ‘मोडता खांब’ करा.

वेलांटी
अहो, ‘मोडता’ मराठीत आधीच कामाला लागलेला आहे. चांगल्या कामात कुणीतरी ‘मोडता घालतो’ ना? मोडता खांब म्हटलं तर तो रस्त्यात आडवा घातलाय असं वाटेल. नेमकं उलट!

पाना-पक्कड
मी व्याकरणातला नाही, खांबांतला. धडक बसल्यावर काय होतं ते सांगतो, शब्द तुम्ही काढा.
पहिला प्रकार स्लिप बेस. एक पोलादी पट्टी पायाला, दुसरी खांबाच्या बुडाला, आणि दोन्ही बोल्टांनी आवळलेल्या. पण बोल्ट भोकांत नसतात, कडेला उघड्या खाचांत असतात. धडक बसली की बोल्ट खाचांतून बाहेर सरकतात आणि वरची पट्टी खांबासकट सुटते. खांब अख्खाच राहतो. बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळले तर मात्र तो सुटतच नाही, आणि ‘घट्ट बसवला’ म्हणून शाबासकी घेणारा माणूस इथे घात करतो. जमिनीवर उरलेलं बूडही साधारण १०० मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही, नाहीतर मोटारीचं पोट त्यावर अडकतं.
दुसऱ्या प्रकारात बुडाशी मुद्दाम कच्चा ठेवलेला जोड खरोखरच फुटतो.
तिसरा ना सुटतो ना फुटतो. तो मोटारीच्या नाकाभोवती चेपत, वाकत जातो आणि तिचा वेग पिऊन टाकतो. युरोपातलं ‘ईएन १२७६७’ मानक खांबांची वर्गवारी याच अंगाने करतं: ऊर्जा जास्त शोषणारे, कमी शोषणारे, न शोषणारे. न शोषणारा खांब सुटला की मोटार वेगातच पुढे जाते. मागे माणसं चालत असतील तर तिथे तो नको.

वेलांटी
मग एका शब्दात तिघांना कोंबता कशाला? पहिला निखळता, दुसरा भंगुर, तिसरा चेपता. सांधा निखळतो, दात निखळतो. वस्तू शाबूत राहते आणि जागा सोडते. स्लिप बेसचं अगदी हेच.

कानामात्रा
‘निखळता’ मान्य. ‘भंगुर’ ऐकून लोकांना ‘क्षणभंगुर’ आठवेल, पण इथे तेही खोटं नाही. ‘चेपता’ मात्र कानाला बोचतो, तिथे सरळ ‘ऊर्जाशोषक’ लिहा.

अनुस्वार
आणि ‘बॅरियर’? आधीच्याने ‘अडथळा’ केलंय. ‘रोधक’ लिहिलं तर वाचणारा गतिरोधक समजेल.

पाना-पक्कड
अडथळा नकोच. अमेरिकेतली ‘मॅश’ ही धडक चाचण्यांची नियमावली (२००९, सुधारित २०१६) घ्या. तिच्या तिसऱ्या पातळीवर ११०० किलोची छोटी मोटार आणि २२७० किलोचा पिकअप ताशी १०० किलोमीटरने, २५ अंशांच्या कोनात बॅरियरवर सोडतात. गाडी तिथेच थांबावी अशी अपेक्षा नसते. ती आरपार जाऊ नये, उलटू नये, कडेकडेने वळून पुढे निघावी.

कानामात्रा
मग ‘कठडा’च. गच्चीचा कठडा आपल्याला चालताना अडवत नाही, पडू देत नाही.

अनुस्वार
छान. ‘फरगिव्हिंग रोडसाइड’ला ‘क्षमाशील रस्ताकड’ आहे. कीर्तनातून आल्यासारखं वाटतंय.

वेलांटी
आई काय करते? चूक पोटात घालते. ‘चूक पोटात घालणारी रस्त्याची कड’ लिहा. लांब होईल, पण चालकाची डुलकी लागली तरी त्याला देहदंड नको, हे त्यात येतं.

अनुस्वार
शेवटचं. एक वाक्य असं आहे: ‘ताशी ३० किलोमीटरच्या सौम्य चाचणीत खांब सहज टिकला.’

पाना-पक्कड
तीन शब्द, तिन्ही चुकले! ती चाचणी सौम्य नाही, निखळत्या खांबासाठी अवघड तीच. हलकी मोटार, वेग कमी, म्हणजे खांब सोडवायला जोर कमी. ताशी १०० ला सुटणारा खांब ३० ला हटून बसू शकतो, आणि मग सगळा हिसका आतल्या माणसाला. तेव्हा ‘सहज’ही नाही. आणि टिकला असता तर नापास झाला असता!

कानामात्रा
‘कसोटीला उतरला’ लिहा.

अनुस्वार
उतरला म्हणजे खाली आला, असंच ना?

पाना-पक्कड
हो, बुडापासून.