मदत हवी आहे: जुनं फ्रेंच चांदीचं नाणं, खरं की खोटं? (तातडीचं)

तूरवाला: ओळखीतले एक आजोबा चांदीचं नाणं विकतायत. मधे क्रॉस, मागे किल्ल्यासारखं काहीतरी. म्हणतात सेंट लुईचं आहे. संध्याकाळपर्यंत सांगायचंय. घेऊ का?

काटेकोर: कुठे? वजन? व्यास? अक्षरं? फोटो टाकायला पैसे पडतात का?

तूरवाला: फ्रान्समध्ये, तूर गावात. आयडीवरून कळत नाही का? अक्षरं दोन वर्तुळांत आहेत. फोटो चढत नाहीये.

काटेकोर: मला वाटलं तूरडाळीचे व्यापारी.

जुनाखण: दोन वर्तुळं आणि किल्ला म्हणजे ग्रो तुर्न्वा नावाचं नाणं. सेंट लुईने, म्हणजे फ्रान्सच्या नवव्या लुई राजाने, 1266 मध्ये सुरू केलं. साधारण 4.2 ग्रॅम, जवळजवळ शुद्ध चांदी. त्याआधी आठव्या शतकातल्या शार्लमेन राजाच्या काळापासून दनिए नावाचं छोटं नाणं चालायचं, पण त्यातली चांदी कमी होत होत ते काळपट झालं होतं. असे 12 दनिए म्हणजे एक ग्रो. किल्ल्याच्या बाजूला कडेने लिलीची फुलं असतील, मोजा, 12 हवीत. आणि किल्ल्याभोवती तुमच्याच गावाचं नाव असतं बरं का! क्रॉसभोवती आतल्या वर्तुळात काय लिहिलंय?

तूरवाला: पी, एच, आय...

काटेकोर: मग लुई कसला? फिलिप! एक पी असेल तर तिसरा, म्हणजे लुईचा मुलगा. दोन असतील तर चौथा, नातू.

जुनाखण: 'एच'च्या आधीचा पी धरून की सोडून? पी मोजून राजा ठरत नाही हो. आधी वजन. चौथ्याने 1295 पासून युद्धाच्या खर्चापायी नाण्यांत खोट घालायला सुरुवात केली.

मालतीताई: चिंच आणि रांगोळी लावून घासा, लख्ख होतं. आमच्या समया मी तशाच घासते.

काटेकोर: ताई, नको!! घासलेल्या नाण्याची किंमत निम्मी होते. तूरवाले, कडेला शिवण दिसते का बघा. दिसली तर ओतीव, म्हणजे नक्कल. छाप एका बाजूला सरकलेली असेल तर चालतं, हातोड्याने पाडताना तसं व्हायचंच.

कोल्हापुरी: आमच्याकडे शिवराई आहे, तीही हातोड्याचीच. किती येतील?

जुनाखण: वेगळा धागा काढा.

तूरवाला: नाणं माझ्याकडेच आहे. शिवण नाही. 'एच'नंतर पी दोन. फुलं 11, एक झिजलंय बहुतेक. शेजारणीचा केकचा काटा आणला, तो कधी 3 दाखवतो, कधी 4.

काटेकोर: नाणं हातात आहे हे आधी सांगायचं ना! दशांश दाखवणारा काटा मिळवा. एखाद्या सोनाराकडे जा.

तूरवाला: आज रविवार आहे हो!

मालतीताई: केक कसला केला?