सीएफएच्या तिसऱ्या लेव्हलला उत्तरे लिहिण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा

सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेच्या पहिल्या दोन लेव्हल ज्या रीतीने पार पडल्या त्याच रीतीने, म्हणजे सूत्रे पक्की करून आणि बहुपर्यायी प्रश्नांचे संच सोडवून, तिसरीही निघते, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही, कारण तिथे जवळपास निम्मे गुण स्वतः लिहायच्या उत्तरांना असतात. त्यांचा सूत्रे पक्की करण्याचा आग्रह मात्र योग्यच आहे.

हिंजवडीतले ऑफिस सुटल्यावर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून मी वह्याच्या वह्या भरल्या होत्या, तरी पहिल्या प्रयत्नात नापास झालो. परीक्षेत उत्तर संगणकावर टाइप करावे लागते, प्रत्येक सत्र २ तास १२ मिनिटांचे असते, आणि मी दोन कारणे विचारली असताना चार लिहीत बसलो. तपासणारे पहिली दोनच धरतात, त्यामुळे पुढची मेहनत वाया गेली. दुसऱ्या वेळी घरीच सराव केला (अभ्यासिकेत कीबोर्डच्या आवाजाचा इतरांना त्रास होतो). 'ग्राहकाची जोखीम घेण्याची क्षमता कमी, कारण दोन वर्षांत मुलीच्या शिक्षणासाठी मोठी रक्कम काढायची आहे', एवढे एक वाक्य लिहून थांबायची सवय लागायला मला दोन महिने लागले.