अनुभव धागा: उतारवयातली फारकत आणि वावराची वाटणी

साठीच्या आसपास फारकत घेणारी जोडपी आता खेड्यातही दिसतात. भांडण का झालं ते इथे नको. वाटणीचं काम कोणत्या टेबलावर अडतं आणि कसं सुटतं, तेवढं लिहा.

सेवानिवृत्त तलाठी, यवतमाळ जिल्हा
फारकत झाली की बायकोला अर्धं वावर मिळतं, हा समज आधी काढा. हिंदू कायद्यात असा आपोआप वाटा नाही. कोर्ट पोटगी ठरवताना नवऱ्याची जमीन हिशेबात धरतं, एवढंच. म्हणून सातबारा, 8अ (खात्याचा उतारा) आणि जमीन कशी आली ते सांगणारे जुने फेरफार काढा. लक्ष्मीमुक्तीत (सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावायची योजना) बाईचं नाव लागलं असेल तर रकाना बघा. भोगवटादारात, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, असेल तर पाया पक्का, इतर हक्कात असेल तर वाद ठरलेला.

वडिलोपार्जित वावर नवरा एकटा देऊ शकत नाही, त्यात मुलामुलींचे हिस्से असतात. पण बाप आणि मुलं वाटणी करत असतील तर आईला मुलाइतका वाटा पडतो. हे ती बायको आहे तोवरच. आणि पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या फारकतीवर कोणी फेरफार करून मागू नका.

दस्तलेखक, वरूड
वरच्यांना जोडून. स्वकष्टार्जित शेती किंवा राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, नोंदणीचा खर्च वेगळा. कोर्टाचा हुकूम झाला की ती बायको राहत नाही आणि ही सवलत जाते. लोक "आधी फारकत, मग जमीन" म्हणतात अन् तिथंच फसतात. संमतीच्या फारकतीत पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिने असतात, दस्त त्या मधल्या काळात उरका. तुकडा पाडायचा तर जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे यापेक्षा कमी नको (अकोला जिल्ह्याचं माप वेगळं, तिथं तहसिलात विचारा).

संत्र्याचा बगीचा नुसता एकरांत वाटू नका बापा! जानेवारीत दस्त केला तर मृग बहाराची फळं झाडावर असतात आणि अंबिया बहाराचा फुलोरा सुरू होतो. कोणता बहार कोणाचा, हे दस्तात लिहा. विहीर एकाच्याच बाजूला जाते, म्हणून पाण्याचे वार, मोटरचं बिल कोण भरणार आणि कोणत्या धुऱ्यावरून वाट, हेही लिहा. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात स्टार्टरला कुलूप लागतं.

वकील
तडजोडीत जमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा मूळ अर्जातच घाला. अर्जात नसलेली मिळकत तडजोडीत घुसवली तर हुकूमनाम्याचीही नोंदणी करावी लागते.

शेतकऱ्याकडून महिन्याची पोटगी नियमित येत नाही, पैसा कापूस-तुरीच्या हंगामातच हाती येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कोर्टाकडून पोटगीचा बोजा जमिनीवर मागा आणि हुकूम तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावर चढवा.

नवरा सरकारी पेन्शनर असेल तर घाई नको. घटस्फोटितेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. न्यायिक विभक्तीत लग्न कायम राहतं, म्हणून आधी तो पर्याय तपासा. बाईला मिळकतीची अट न लागता मोफत वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो.

सेवा सहकारी सोसायटीचे सचिव
कर्जाला बायको जामीन असेल तर कोर्टाच्या हुकमानं जामीनकी सुटत नाही. कर्ज फेडून बेबाकी (बाकी नसल्याचा दाखला) घ्या, बोजा उतरवा, नाहीतर बँकेला दुसरा जामीनदार द्या. बँक, पोस्ट, विमा सगळीकडचे नॉमिनी स्वतः जाऊन बदला.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. गावठाणातल्या घरासाठी प्रॉपर्टी कार्ड पाहा.

सोनं: बाईचं स्त्रीधन वाटणीत येतच नाही. बाकीचं दोघांसमोर तोला. एकदाणीच्या (गळ्यातल्या सोन्याच्या माळेच्या) मण्यांत लाख भरलेली असते, वजन लाखेसकट धरलं तर हिशेब चुकतो. गहाण असलेल्या डागांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. फोटो काढा, आणि ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्या.